‘उत्तम प्रतीचे काम’ म्हणजे नेमके काय

पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळला वळून भोर गाठायचे आणि तिथून नीरा-देवघर धरणाच्या कडेने हिर्डोशी ओलांडून वरंध घाटाच्या तोंडाशी यायचे. हा एकाच तालुक्यातला, तास-दोन तासांचा प्रवास. पण बांधकाम करणाऱ्याच्या दृष्टीने तेवढ्या वेळात देश बदलतो. महामार्गाच्या बाजूला पाऊस बेताचा. घाटमाथ्याकडे मात्र जूनच्या मध्यावर लागलेली झड सप्टेंबरपर्यंत उसंत देत नाही. वेल्हे तालुक्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, हेच चित्र आहे. विंझरच्या बाजूला उघडीप असते, तेव्हा मढे घाटाजवळच्या केळदला भिंतीवर शेवाळ धरलेले असते.

सरकारी अंदाजपत्रकाला हा फरक आपोआप कळत नाही. नसरापूरजवळची शाळाखोली असो की केळदची, बाबी एकाच दरसूचीतून निघतात. खोदाई, सोलिंग, पीसीसी, बांधकाम, स्लॅब, गिलावा या सगळ्यांच्या ओळी त्याच, क्रमांकही तेच. फरक पडतो तो स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने जागा पाहून लेखणी उचलली असेल तर. न पाहता लिहिले असेल, तर जो कागद करारातला सर्वांत कामाचा भाग असायला हवा, तो नुसता जोडपत्र होऊन बसतो.

कामाचा करार मुख्यतः तीन कागदांवर उभा असतो. नकाशा सांगतो, काय आणि कुठे. परिमाणपत्रक सांगते, किती. स्पेसिफिकेशन सांगते, कसले, कसे आणि ते तसेच झाले हे कळणार कशावरून. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे टेप लावून मिळतात. तिसऱ्याचे उत्तर स्लॅब पडल्यावर काँक्रीटच्या पोटात जाते आणि मग ते शोधायला भिंत फोडावी लागते. म्हणून या कागदातला प्रत्येक शब्द काम सुरू होण्याआधी तोलायचा असतो. प्रत्यक्षात नकाशावर महिनाभर चर्चा होते आणि स्पेसिफिकेशन मागच्या निविदेतून उचलले जाते.

या मुलखाला अशा लेखनाची परंपरा नाही असे मात्र नाही. राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचे राज्य सांभाळणाऱ्यांत रामचंद्रपंत अमात्य होते आणि भोर संस्थानचे मूळ पुरुष शंकराजी नारायण सचिवही होते. पुढे 1715च्या सुमारास अमात्यांच्या नावाने जे आज्ञापत्र सिद्ध झाले, त्यातले दुर्गप्रकरण आजच्या इंजिनिअरने जरूर वाचावे. किल्ला बांधण्याआधी पाण्याची खात्री करावी, एकाच झऱ्यावर विसंबू नये, जास्तीची टाकी खोदून ठेवावीत, गडाला एकच दरवाजा ठेवू नये, दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, दारू ठराविक दिवसांनी बाहेर काढून ऊन द्यावे, असा त्याचा मजकूर आहे. ‘किल्ला मजबूत बांधावा’ एवढ्यावर अमात्य थांबत नाहीत. कारण सांगतात, क्रम सांगतात आणि बांधून झाल्यावर निगा कोणी राखायची तेही सांगतात. आजच्या कित्येक निविदांत यातली तिसरी गोष्ट शोधूनही सापडत नाही.

इंग्रजी अमलात या लेखनाला कार्यालयीन शिस्त आली. सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे तंत्रज्ञ तयार करायला 1854मध्ये पुण्यात जी शाळा निघाली, तीच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाली. भोरजवळ वेळवंडी नदीवर उभे असलेले भाटघरचे दगडी धरण 1920च्या दशकातले. दगड कुठल्या खाणीचा, चुना कसा भाजायचा, कसा दळायचा, दळलेला माल किती वेळात वापरायचा, हे त्या काळी विस्ताराने लिहिले जाई. भाटघर अजून काम देते, म्हणून ‘जुने ते सोने’ असा सूर लगेच निघतो. पण तो फसवा आहे. त्या काळातली जी बांधकामे पडली, ती पाहायला आज कोणी जात नाही. टिकलेल्यांकडे पाहून सगळ्या जुन्याला शाबासकी देणे हे इंजिनिअरिंग नव्हे.

आजचा सरकारी तपशील त्याच घराण्यातला. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मानक स्पेसिफिकेशन ग्रंथात इमारतीच्या बाबींना ‘बीडी-ए-1’ असे क्रमांक असतात आणि दरसूचीतली ओळ त्या क्रमांकाकडे बोट दाखवते. बाबीखाली साहित्य आणि कामाची रीत यांच्या जोडीला दोन मथळे येतात. एक, बाबीच्या दरात काय काय धरलेले आहे. दुसरा, मोजमाप कसे घ्यायचे आणि पैसे कशावर द्यायचे. बाहेरच्या माणसाला हे मथळे रुक्ष वाटतील. पण साइटवरची निम्मी भांडणे याच दोन मथळ्यांखाली मिटतात किंवा पेटतात.

पायाच्या खोदाईचेच घ्या. दरसूचीतल्या ओळीत खोदलेली माती ठराविक अंतरापर्यंत हलवणे, पाणी उपसणे, तळ तयार करणे, उरलेला खड्डा भरून धुम्मस करणे हे सगळे आले, आणि शेवटी ते सुप्रसिद्ध ‘एट्सेट्रा कंप्लीट’. नसरापूरला मार्चमध्ये खोदाई केली तर पाणी उपसण्याचा प्रश्नच येत नाही. वेल्ह्याच्या पश्चिमेला कार्यारंभ आदेश मेअखेर हातात पडला, तर चर खोदल्या दिवसापासून पंप लावावा लागतो. दर मात्र तोच. कंत्राटदार म्हणतो, एवढे पाणी ‘एट्सेट्रा’त बसत नाही, शाखा अभियंता म्हणतो, बसते. शिवाय जमीन कोणती धरायची हा वाद वेगळाच. माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक असे दर चढत जातात आणि सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात एकाच चरीत पाचही जण भेटतात. पातळ्या घेण्याआधी आणि मोजमाप पुस्तिकेत नोंद होण्याआधी खड्डा बुजला, तर पुढे कोणाचे खरे हे ठरवायला काही उरत नाही. लिहिणाऱ्याने इथे चार शब्द वाढवावेत. थर बदलला की काम थांबवून दोघांच्या सहीने पातळी घ्यायची, एवढेच. दरसूची बदलावी लागत नाही. वाद मात्र टळतो.

आता काँक्रीटकडे यावे, कारण या दोन तालुक्यांत जागा पाहून लिहिणे म्हणजे काय हे तिथे आकड्यांनिशी दिसते. भारतीय मानक 456, सन 2000ची आवृत्ती, काँक्रीटला हवापाण्याचा मारा किती यावरून पाच वर्ग करते. जोरदार पावसापासून आडोसा असलेले काँक्रीट मध्यम वर्गात जाते. त्याला किमान एम-25 प्रत आणि सळईवर 30 मिलिमीटर आवरण लागते. जोरदार पावसात उघडे राहणारे, पुनःपुन्हा भिजणारे-वाळणारे काँक्रीट तीव्र वर्गात जाते. तिथे किमान एम-30, आवरण 45 मिलिमीटर आणि पाणी-सिमेंट प्रमाण 0.45च्या वर नाही. केळद किंवा पासलीच्या शाळेचा उघडा छज्जा कोणत्या वर्गात बसतो हे सांगायला तज्ज्ञ नको, एक पावसाळा पुरे. तरीही सवयीने तिथे सौम्य हवेची एम-20 आणि 20 मिलिमीटरचे आवरण लिहिले गेले, तर पाच-सात वर्षांत छज्ज्याच्या खालच्या अंगाला तांबूस रेघा उमटतात, पोपडे सुटतात आणि सळई उघडी पडते. मग दोष कंत्राटदाराचा ठरतो. त्याने कदाचित लिहिल्याबरहुकूम काम केलेले असते.

पण 45 मिलिमीटर असे लिहून भागत नाही. मिस्त्री सळईखाली हाताला येईल तो खडीचा तुकडा सारतो. तुकडा कलंडला की सळई फळीला टेकते. म्हणून आवरण सिमेंटच्या ब्लॉकने राखायचे, ब्लॉक स्लॅबच्या काँक्रीटइतक्याच ताकदीचे हवेत, दर चौरस मीटरला अमुक इतके हवेत आणि काँक्रीट ओतण्याआधी ते मोजून सही व्हायला हवी, इथपर्यंत मजकूर गेला पाहिजे. आकडा, साधन, तपासणी आणि तपासणारा. यातले एक जरी गळाले तरी उरलेली तिन्ही लुळी पडतात.

पाणी मारण्याचेही तेच. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान 10 दिवस काँक्रीट ओले ठेवावे, असे मानक सांगते. निविदेत मात्र ‘पुरेसे पाणी मारावे’ असा मोघम शब्द येतो. पुरेसे कोणाच्या मते? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीवर हा शब्द कंत्राटदाराच्या सोयीने आकसतो. त्यापेक्षा स्लॅबवर वाळूचे वाफे बांधून पाणी साठवावे, उभ्या भिंतींवर गोणपाट ओले ठेवावे, पाण्याची सोय कंत्राटदाराने काम सुरू होण्याआधी दाखवावी, असे लिहिले की मोजायला काहीतरी हाती लागते. ‘उत्तम प्रतीचे’, ‘योग्य त्या पद्धतीने’, ‘अभियंत्यांच्या समाधानास उतरेल असे’ ही मंडळीही याच कुळातली. अभियंत्याचे समाधान हे मोजमाप नव्हे. बदली झाली की समाधानही बदलते.

इथे एक जुना पेच आहे. कृती लिहायची की फळ? खडी किती, वाळू कोणती, किती मिनिटे मिक्सर फिरवायचा असे सगळे सांगितले, तर निकालाची जबाबदारी लिहिणाऱ्याकडे येते. नुसते ‘28 दिवसांनी 150 मिलिमीटरचे ठोकळे अमुक ताकदीचे निघावेत’ असे लिहिले, तर रीत कंत्राटदाराची आणि जबाबदारीही त्याची. दोन्ही एकदम लिहिले, रीतही आमची आणि निकालही तुझाच, तर न्यायालयात कोणाचाच टिकाव लागत नाही. अमेरिकेत 1948मध्ये स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यांची संस्था निघाली. तिथल्या पद्धतीत प्रत्येक कलमाचे सर्वसाधारण, साहित्य आणि अंमलबजावणी असे तीन भाग पडतात. कोणती गोष्ट कुठे लिहायची हे ठरलेले असल्याने एकच गोष्ट दोन ठिकाणी, दोन आकड्यांनी लिहिण्याचा धोका कमी होतो. आपल्याकडे सर्वसाधारण अटींत एक, विशेष अटींत दुसरे आणि परिमाणपत्रकात तिसरे, असा गुंता नित्याचा. छोट्या गावातल्या कामाला परदेशी वर्गवारी आणण्याची गरज नाही. पण एक गोष्ट एकदाच लिहिण्याची शिस्त फुकट मिळते.

साधारण नियम असा सांगता येईल, आणि तो इथे तरी लागू पडतो: ज्याची चाचणी भोर-पुण्याच्या प्रयोगशाळेत वेळेत होऊ शकते तिथे फळ लिहावे, जिथे चाचणी होईपर्यंत काम झाकले जाणार तिथे कृती लिहावी. घाटातल्या संरक्षक भिंतीच्या पाठीमागचा निचरा हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण. भिंतीला पाणी जायला भोके ठेवली, पण पाठीमागे दगड-खडीचा गाळणीचा थरच घातला नाही, तर एका पावसाळ्यात भोके मातीने बुजतात आणि पाण्याचा दाब भिंतीला पुढे लोटतो. समोरून पाहणाऱ्याला भोके दिसतात, बिल निघते. वरंध घाटाचा रस्ता पावसाळ्यात वारंवार बंद ठेवावा लागतो. 22 जुलै 2021ला घाटाखालच्या महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळली. अशा डोंगरात भिंतीचा दर्शनी भाग देखणा असण्यापेक्षा तिच्या पाठीत काय भरले, ते भरताना कोण उभे होते आणि भरल्याचा फोटो-नोंद कुठे आहे, हे लिहिणे निकडीचे.

आणि वेल्ह्याबद्दल लिहायचे तर पानशेत टाळता येत नाही.

आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण 12 जुलै 1961च्या सकाळी फुटले. दुपारी खाली खडकवासल्याचे जुने दगडी धरणही गेले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठा बुडाल्या. धरणाचे काम पुरते संपलेले नव्हते. त्या पावसाळ्यात जलाशय पहिल्यांदाच भरत होता आणि पाणी सोडण्याच्या दरवाजांची यंत्रणा अपुरी होती. भरावाखालून पाणी नेणाऱ्या मोरीच्या बांधणीत सळई घातलेल्या काँक्रीटऐवजी सळई नसलेले साधे काँक्रीटचे ब्लॉक होते. वेगाने घुसणाऱ्या पाण्याच्या हादऱ्यांनी मोरी खिळखिळी झाली, तिच्यावरचा भराव खचला आणि पाणी माथ्यावरून वाहिले. रात्रभर लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचली, म्हणून फूट दिवसाउजेडी झाली आणि अनेक जीव वाचले. चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर यांचा आणि नंतर न्या. नाईक यांचा आयोग नेमला गेला. धरण पुन्हा बांधले गेले. आज पर्यटक ज्या तानाजीसागरात बोटी फिरवतात ते तेच.

कोण चुकले याचा निवाडा करणे हे या प्रस्तावनेचे काम नाही. स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्याने त्यातून दोन कलमे मात्र उचलावीत. पहिले बदलाचे. एका साहित्याच्या जागी दुसरे आले की बदल तेवढ्यापुरता राहत नाही. सळई गेली की ताण सोसण्याची शक्ती जाते आणि तिच्या भरवशावर ठरवलेले बाकीचे सगळे हिशेब पुन्हा मांडावे लागतात. तेव्हा बदल कोणी मागितला, का मागितला, मूळ आराखडा करणाऱ्याने तो पाहिला का, त्यामुळे आणखी काय काय बदलते, हे एका कागदावर येईपर्यंत बदल झालाच नाही असे धरावे. हाच नियम ग्रामपंचायतीच्या टाकीला लावायचा. 12 मिलिमीटरची सळई बाजारात नाही म्हणून 10ची टाकली, असे तोंडी सांगून चालणार नाही. दुसरे कलम थांबण्याचे. काही टप्प्यांवर, ठरलेली गोष्ट पुरी होऊन सही झाल्याशिवाय, काम पुढे न्यायचेच नाही. दरवाजाची यंत्रणा चालत नसेल तर पाणी अडवायचे नाही. पावसाळ्याची तारीख कोणासाठी थांबत नाही हे खरे. म्हणूनच हा थांबा काम सुरू होण्याआधी वेळापत्रकात लिहून ठेवायचा असतो.

शेजारच्या मुठा खोऱ्यातल्या टेमघर धरणाची गळती 2016मध्ये गाजली आणि पुढे ग्राउटिंगवर मोठा खर्च झाला. गळती दिसल्यावर दोषदायित्वाचा काळ, चाचण्यांच्या नोंदी, कोणत्या थराला कोण हजर होते, हे प्रश्न आपसूक येतात. ज्या कामाच्या कागदांत या प्रश्नांची जागाच ठेवलेली नसते, तिथे शोध उलट्या टोकाने सुरू होतो.

आणखी एक वेगळी गरज या तालुक्यांत नव्याने उभी राहिली आहे. जुलै 2025मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. राजगड त्यांतला एक. आता संजीवनी माचीच्या तटाची डागडुजी असो की पद्मावती माचीवरच्या पायवाटेची, दरसूचीतली सिमेंटची ओळ तिथे चालत नाही. सिमेंट दगडापेक्षा कडक बसते, ओल कोंडते आणि क्षार दगडात ढकलते. काही वर्षांनी सांधा शाबूत राहतो आणि दगडच सुटतो. चुन्याचे काम हवे. पण ‘पारंपरिक चुन्यात दुरुस्ती करावी’ हे वाक्य ‘उत्तम प्रतीचे काम’ याच्याइतकेच पोकळ आहे. चुना कोणता, किती दिवस भिजवलेला, विटेची भुकटी किती, गूळ-हिरड्याचे पाणी घालायचे तर कशासाठी आणि किती, सांधा किती खोल खरवडायचा, आणि आधी कोपऱ्यातल्या एखाद-दुसऱ्या मीटरवर नमुना करून तो एक पावसाळा पाहायचा का, हे ठरवायला लागते. घडीव दगड गडावर डोक्यावरून किंवा खेचरावरून नेण्याचा खर्च कोणत्या बाबीत धरायचा, हा प्रश्नही तिथे शोभेचा नसतो.

हे सगळे कोणासाठी लिहायचे? निविदेचे कागद बहुधा इंग्रजीत असतात. 1964चा राजभाषा अधिनियम असूनही तांत्रिक भागाची इंग्रजी सवय मोडलेली नाही. ती वाचणारा कंत्राटदाराचा इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो आणि प्रत्यक्ष माल कालवणारा गवंडी मराठवाड्यातला, कर्नाटकातला किंवा बिहारचा असतो. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने याचे एक साधे उत्तर दिले होते. रस्त्याच्या कडेला स्थानिक भाषेत फलक, त्यावर थर, जाडी आणि साहित्य. शिवाय रस्ता केला त्याच कंत्राटदाराकडे पाच वर्षांची देखभाल. फलक गंजतात, पुसट होतात, ते वेगळे. पण गावातल्या माणसाला टेप घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहता येईल इतका मजकूर तिथे होता.

खासगी घरांचे तर सगळेच तोंडी. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाला किमान 25 चौरस मीटर जागा आणि सपाटीवर 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार रुपये अशी रक्कम ठरली. हप्ते जोते, भिंत, छत अशा टप्प्यांच्या फोटोवर सुटतात. फोटोत टप्पा दिसतो. भिंतीतल्या मसाल्याचे प्रमाण दिसत नाही. घरमालक आणि मिस्त्री यांच्यात ठरते ते एवढेच: ‘माल तुमचा, मजुरी आमची, चौरस फुटाला अमुक.’ जोते जमिनीपासून किती वर, पत्र्याची बाहेर आलेली वळचण किती, पावसाच्या अंगाच्या भिंतीला गिलावा एक थर की दोन, वाळू नदीची की क्रश सँड, पाणी कोण मारणार, स्लॅबचे टेकू किती दिवसांनी काढायचे, हे कोणी विचारत नाही आणि विचारले तर मिस्त्रीला ते अविश्वासाचे वाटते. पावसाच्या अंगाची ओल आत आली की दोघांचे बोलणे बंद होते. घरकुलासाठी अर्ध्या पानाचे, मराठीतले, दोघांच्या सहीचे स्पेसिफिकेशन हा म्हणूनच पुढील पानांतला सर्वांत लहान, पण सर्वांत आधी वापरून पाहण्याजोगा नमुना आहे. त्यात टेकूंसाठी साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला 7 दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला 14 दिवस, हे मानकातले आकडे तसेच ठेवले आहेत. जोत्याची उंची, वळचण आणि गिलाव्याचे थर यांच्या जागा मात्र कोऱ्या आहेत, कारण त्या केळदला एक भरायच्या आणि नसरापूरला दुसऱ्या.